काळी चारची पेटी: एका जुन्या हार्मोनियमच्या दुरुस्तीच्या नोंदी

चाळीस वर्षे बंद पडलेली पेटी घरच्या घरी दुरुस्त करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून ह्या नोंदी ठेवल्या आहेत. मी सोळा वर्षांचा आहे आणि हे काम मी पूर्वी कधी केलेले नव्हते. घरात आम्ही कोंकणी बोलतो. येथे बोलणे मराठीत उतरवले आहे.

६ एप्रिल

आजोबांना जाऊन दोन महिने झाले. माझी दहावीची परीक्षा संपली आणि बाबांनी माळा आवरायला सांगितले, तेव्हा पितळी भांड्यांच्या ट्रंकेमागे गोणपाटात गुंडाळलेली पेटी सापडली. ती तेथे आहे हे आम्हाला सर्वांना ठाऊक होते. आजोबा गोव्यातल्या सांगे गावात आणि आसपासच्या गावांत पन्नास वर्षे भजन म्हणत, पण ही पेटी त्यांनी कधी खाली काढू दिली नाही. विचारले की ते म्हणत, “तिचा भाता गेला आहे, आता ती वाजायची नाही.” मी पेटी दुरुस्त करू का, असे विचारल्यावर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, “कर. पण आजीसमोर मुद्दाम विषय काढू नकोस.” मला त्याचे कारण आजोबांचे दुःख ताजे आहे एवढेच वाटले.

पेटीची अवस्था अशी: सागवानी पेटी, साडेतीन सप्तके, ४२ पट्ट्या, खर्ज (खालची) आणि नर (वरची) अशा सुरांच्या दोन ओळी, म्हणजे एकूण ८४ सूर (हवेने थरथरणारी जीभ असलेले पितळी तुकडे). भात्याचे कातडे घड्यांवर फाटलेले. मागच्या फळीला किड्याने पाडलेली भोके. पट्ट्यांखालची बनात (जाड लोकरी कापड) कसरीने खाल्लेली. सूर मात्र बहुतेक सगळे शाबूत, फक्त कळकून हिरवट झालेले. आतल्या बाजूला फळीवर पेन्सिलीने ‘१९८३’ असे लिहिलेले आहे. पूर्वीच्या कारागिराने ते लिहिले असावे.

८ आणि ९ एप्रिल

पहिली चूक. किडा मारण्याचे औषध भोकांत सोडल्यानंतर लाकूड वाळावे म्हणून मी पेटी दुपारी अंगणातल्या उन्हात ठेवली. दोन तासांत मागची फळी वाकली आणि डाव्या कोपऱ्यातला सांधा उघडला. सागवान उन्हाला दाद देत नाही असे मी ऐकले होते, परंतु माळ्यावरच्या दमट हवेत चार दशके काढलेले लाकूड एकदम तापवले तर त्याचा सांधा टिकत नाही, हे आता कळले. सावलीत, वारा लागेल अशा जागी दोन दिवस ठेवायला हवे होते. फळी ओलसर कापडाखाली ठेवून, वर दोन चिरे ठेवून, एका रात्रीत बरीचशी सरळ झाली, पण पूर्ण नाही.

११ ते १५ एप्रिल

भाता. कुडचड्याहून १८० रुपयांचे रेक्झिन आणले, कारण ते स्वस्त होते आणि दिसायला नवीन वाटत होते. पांढऱ्या गोंदाने चिकटवले. चौथ्या दिवशी भाता हलवला तेव्हा रेक्झिन घडीवर ताठ उभे राहिले आणि भाता अर्धाच मिटू लागला. जोर दिल्यावर कड सुटली. चार दिवस आणि १८० रुपये वाया गेले. भात्याला मेंढीचे पातळ, मऊ कातडेच लागते आणि ते सरसाने चिकटवावे लागते, कारण सरस ओल्या फडक्याने पुन्हा सोडवता येतो आणि पुढच्या माणसाला काम करता येते. पांढरा गोंद खरवडून काढायला मला दीड दिवस लागला. ज्याने आधी ही पेटी दुरुस्त केली होती त्याचा सरस कोमट पाण्याने दहा मिनिटांत सुटला होता, हे येथे नोंदवतो.

जुने कातडे काढताना एक गोष्ट दिसली. उजव्या घडीवर आतून एक ठिगळ होते आणि ते ठिगळ कातड्याचे नव्हते, तर गर्द जांभळ्या खणाच्या कापडाचे होते. आमच्या घरात जुनी चोळी अशी वापरली जाते का, असे मी आजीला विचारले. तिने ते कापड हातात घेतले, नीट घडी घातली आणि देवघरात नेऊन ठेवले. मला परत दिले नाही.

१८ एप्रिल

भात्याचे काम कातडे येईपर्यंत थांबवून सुरांकडे वळलो. सुरांची फळी बाहेर काढून मऊ ब्रशने धूळ झाडली. जे सूर अडकले होते त्यांच्या जिभेखालून पातळ कागदाची पट्टी सरकवली की बहुतेक मोकळे झाले. कळकण काढण्यासाठी लिंबू, चिंच किंवा भांडी घासण्याची पावडर वापरू नका. जिभेखालच्या फटीत ओल राहते आणि पितळ आतून खाल्ले जाते. कोरड्या फडक्याने जेवढे निघाले तेवढेच काढले.

मग तात्पुरते कापड लावून भात्यात जेमतेम हवा धरून ठेवली आणि फोनवरच्या ट्यूनरने प्रत्येक सुराचे माप घेऊन वहीत लिहिले. हे काम कंटाळवाणे आहे, एका सुराला दोन मिनिटे लागतात, पण ते कोणीही टाळू नये. ह्या वहीवाचून पुढचे काही शक्य झाले नसते.

२१ एप्रिल

सर्वांत मोठी चूक ह्याच दिवशी केली. वहीतले आकडे पाहताना तीन स्वर सर्व सप्तकांत उतरलेले दिसले: पांढरी एक सुमारे १४ सेंटनी, पांढरी चार १६ सेंटनी, पांढरी पाच १२ सेंटनी (पट्ट्यांची नावे रंग आणि क्रमावरून असतात; पांढरी एक म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी). एका अर्धस्वराचे १०० सेंट होतात, म्हणजे फरक कानाला कळेल एवढा होता. बाकीचे स्वर जागेवर होते. मी ठरवले की हे तीन स्वर जुनेपणाने बिघडले आहेत. आता विचार केला की लाज वाटते, कारण जुनेपणाने बिघडलेले सूर तिन्ही सप्तकांत इतक्या नेमकेपणाने सारखे बिघडत नाहीत.

सूर चढवायचा असेल तर जिभेचे टोक खरवडून हलके करतात. उतरवायचा असेल तर रिव्हेटजवळचे मूळ खरवडतात. खरवडताना जिभेखाली दाढीचे पाते सरकवून तिला आधार द्यावा लागतो. त्याप्रमाणे पांढरी एकचे नर ओळीतले चार सूर मी टोकाकडून खरवडून ‘बरोबर’ केले. चार तास लागले. मग मधल्या सप्तकात थोडे वाजवून पाहिले.

आजी स्वयंपाकघरात होती. तेथूनच ती म्हणाली, “अशी वाजत नव्हती ती.”

आजी कधी पेटीबद्दल काही बोललेली मी ऐकले नव्हते. मी आत जाऊन, कशी वाजत होती, असे विचारले, तर तिने मला नारळ फोडायला सांगितले.

२४ एप्रिल

कातडे मिळाले नाही म्हणून पेटी घेऊनच मडगावला गेलो, कुडचड्याला बस बदलून. तेथे पेटी दुरुस्त करणारे एक वयस्कर कारागीर आहेत. त्यांनी माझी वही पाच मिनिटे वाचली आणि विचारले, “हे आकडे तू खरवडण्यापूर्वीचे आहेत का?” मी होय म्हटल्यावर त्यांनी चार खरवडलेले सूर पाहिले, आणि मला रागावले नाहीत.

त्यांनी समजावले ते असे. साधी पेटी बारा समान अर्धस्वरांत लावतात, म्हणजे कोणत्याही पट्टीत वाजवता येते, पण गांधार, धैवत आणि निषाद कोणत्याही पट्टीत थोडे चढेच राहतात. ज्याला एकाच पट्टीत गायचे असते आणि ज्याचा कान तीक्ष्ण असतो, तो आपल्या षड्जासाठी, म्हणजे ‘सा’साठी, हे तीन स्वर उतरवून घेतो. काळी चार हा षड्ज धरला तर पांढरी एक हा त्याचा गांधार, पांढरी चार धैवत आणि पांढरी पाच निषाद. उतरलेले तिन्ही स्वर नेमके तेच होते. “ही पेटी काळी चारसाठी लावलेली आहे. हा बाईचा गळा. तुमच्या घरात कोण गात होते?”

मी म्हणालो, “कोणी नाही. आजोबा गात, पण त्यांचा गळा काळी एकचा.”

त्यांनी पट्ट्या दाखवल्या. काळी चारच्या आणि तिच्या पंचमाच्या, म्हणजे काळी दोनच्या, पट्टीवर बोटांनी झालेली झीज काळी एकपेक्षा कितीतरी अधिक होती. पेटी पन्नास वेळा पुसूनही मी ती झीज पाहिली नव्हती. कातडे त्यांच्याकडेच मिळाले, ३५० रुपये. बनात आणि स्प्रिंगा मिळून २२० रुपये.

रात्री जेवताना मी विचारले. बाबांनी तोंड उघडण्यापूर्वी आजी म्हणाली, “कोणी नाही,” आणि भात वाढायला उठली.

२७ एप्रिल

नवे कातडे लावले. सरस पाण्यात भिजवून, भांडे गरम पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात ठेवून पातळ केला. सरस थेट विस्तवावर ठेवला तर करपतो आणि त्याची पकड जाते. घडीच्या दोन्ही बाजू एकाच वेळी दाबून धराव्या लागतात आणि हे काम एकट्याने होत नाही, म्हणून बाबांना बोलावले. एका घडीला वीस मिनिटे, अशा सहा घड्या. हात सोडला की कातडे सरकते.

तिसऱ्या घडीला, सरस सुकेपर्यंत आम्हा दोघांनाही हात काढता येत नव्हते तेव्हा, बाबांनी मला सांगितले की त्यांना एक थोरली बहीण होती.

आमचे घर मूळचे कुर्डीचे, हे मला माहीत होते. साळावली धरणासाठी कुर्डी रिकामी केली गेली, १९८६ साली पाणी गावावर चढले आणि गावची माणसे वालकिणी आणि वाडें येथे वसवली गेली, हे सांगे तालुक्यातल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. गायिका मोगूबाई कुर्डीकर ह्याच गावच्या, हेही आम्हाला अभिमानाने सांगितले जाते. आमच्या घरातली एक मुलगी ह्याच गावात, ह्याच पेटीवर गाणे शिकत होती, हे मात्र मला सोळा वर्षांत कोणी सांगितले नव्हते. बाबा आत्याहून आठ वर्षांनी लहान. आजोबांनी एका वर्षीचे काजूचे सगळे पैसे घालून तिच्यासाठी ही पेटी घेतली होती, १९८३ मध्ये ती काळी चारला लावून घेतली होती, आणि तिचा कान एवढा तयार होता की पावसाळ्यात लाकूड फुगून पेटी थोडी हलली तरी ती शिकवणीला बसायची नाही.

ह्यापुढचे सांगताना बाबांनी माझ्याकडे पाहिले नाही. गावातले बरेच जण आधीच निघून गेले होते. आजोबा म्हणत राहिले की पाणी इथवर येणार नाही. आमचे घर उंचावर होते आणि त्यांचा खरोखरच तसा विश्वास होता. त्यामुळे नव्या जागी घर वेळेत बांधले गेले नाही आणि पाणी अंगणात आल्यावर पावसातच निघावे लागले. अर्ध्या भिंतींवर ताडपत्री घालून त्यांनी तो पावसाळा काढला. श्रावणात आत्याला कावीळ झाली आणि चवथीला आठ दिवस असताना ती गेली. ती सतरा वर्षांची होती. त्या वसाहतीत शेजारी कोण हेही अजून नीट ठाऊक नव्हते. आजोबांनी त्या वर्षी पेटी गोणपाटात गुंडाळली, तिचे फोटो काढून टाकले, आणि नऊ वर्षांच्या बाबांना सांगितले की ह्यापुढे घरात हे नाव निघणार नाही.

“ते तिला विसरायला सांगत नव्हते,” बाबा म्हणाले. “कोणी नाव घेतले की पुढचा प्रश्न, ती कशाने गेली, हा असायचा. त्याचे उत्तर त्यांना देता येत नव्हते.”

महालयाच्या दिवशी आजी एक पान वेगळे वाढते. लहानपणी मी विचारले होते तेव्हा, ते कावळ्याचे, असे मला सांगितले होते, आणि कावळ्याचे पान त्याशेजारी निराळे असते हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते. मी आजोबांवर रागावलो आहे आणि मला त्यांची आठवणही येते. ह्यातले कोणते आधी लिहावे हे मला ठरवता येत नाही. सहाही घड्या त्याच दिवशी पूर्ण झाल्या. वर चिरे ठेवून रात्रभर सोडले.

३० एप्रिल

भाता धरतो. भरून सोडला तर पोटातला भाता बसायला १८ सेकंद लागतात. पूर्वी दोन सेकंदही लागत नव्हते. उन्हात उघडलेला डावा कोपरा मात्र अजून किंचित फुसफुसतो.

आता माझे चार सूर. वहीतल्या आकड्यांनुसार ते परत उतरवायचे, म्हणजे जिभा मुळाशी खरवडायच्या. अडचण ही की टोक आधीच हलके केलेले आहे आणि आता मूळही पातळ होणार, म्हणजे सूर दोन्हीकडून अशक्त. एका बैठकीत एकच सूर घ्यायचा असे ठरवले. खरवडल्यावर पितळ तापलेले असते आणि माप खोटे येते, म्हणून प्रत्येक वेळी दहा मिनिटे थांबून, भात्याच्या हवेवरच मोजले. नखाने छेडून घेतलेले माप उपयोगाचे नाही.

३ मे

तीन सूर परत आले. चौथा, मधल्या सप्तकातला, मुळाशी तुटला. हा मधल्या सप्तकाचा गांधार, म्हणजे सर्वांत जास्त वाजणारा. मी रात्री जेवलो नाही. तुटलेली जीभ कागदात गुंडाळून आजीला नेऊन दिली आणि मी काय केले ते तिला सांगितले: मी ते तीन स्वर बिघडलेले समजलो, ते कोणाचे होते हे मला माहीत नव्हते.

आजीने ती देवघरात त्या खणाशेजारी ठेवली. मग तिने मला आत्याचे नाव सांगितले. ते मी येथे लिहीत नाही, कारण चाळीस वर्षांनी तिने ते कोणाला तरी मोठ्याने सांगितले आहे आणि ते सध्या आमच्या घरातच राहावे असे मला वाटते. नाव सांगून झाल्यावर ती म्हणाली, “तुटलेला सूर बदलतात. तिचेही दोन बदलले होते.” हे ऐकून मी सुरांच्या फळीवर शोधले, दोन रिव्हेट खरोखरच इतरांहून वेगळ्या आहेत.

६ मे

पुन्हा मडगाव. कारागिरांनी जुन्या सुरांच्या डब्यातून त्याच मापाचा सूर काढून बसवला आणि उतरवण्याचे काम माझ्याकडून करवून घेतले. १५० रुपये. जुन्या पेटीत नवा सूर बसवू नये, तिच्या वयाचा जुना शोधावा, कारण नव्या पितळेचा आवाज शेजारच्या सुरांत वेगळा उठतो, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ऐकल्यावर मला ते पटले.

१२ मे

भजनी मंडळातील दोघे आले होते. आजोबांची पेटी दुरुस्त झाली आहे असे ऐकून, ती मंडळाला द्यावी आणि त्यांच्या आठवणीत देवळात वाजावी, असे त्यांनी सुचवले. मला वाटले बाबा काहीतरी कारण सांगतील. बाबा म्हणाले, “ही पेटी त्यांची नव्हे. माझ्या बहिणीची आहे, आणि काळी चारला लावलेली आहे. तुमच्या काळी एकला तिचे सगळे स्वर जुळायचे नाहीत.” त्या दोघांपैकी वयाने मोठे होते ते गप्प बसले, आणि मग म्हणाले की तिला त्यांनी देवळात गाताना ऐकले होते. म्हणजे गावच्या जुन्या माणसांना सगळे माहीत होते आणि आजोबांचा मान राखून तेही इतकी वर्षे बोलले नव्हते.

आतापर्यंतचा खर्च: कातडे ३५०, बनात आणि स्प्रिंगा २२०, सूर १५०, सरस, औषध आणि ब्रश मिळून १६०, वाया गेलेले रेक्झिन १८०, एकूण १,०६० रुपये, बसभाडे वेगळे. कामाचे दिवस २३, त्यांतले निदान नऊ माझ्या चुका निस्तरण्यात गेले.

१९ मे

धरणाचे पाणी ओसरले की मे महिन्यात कुर्डी उघडी पडते आणि गावची माणसे सोमेश्वराच्या देवळाशी जमतात. लहान असताना मी दोनदा गेलो होतो, आजी कधीच आली नव्हती. ह्या वेळी तिने स्वतः सांगितले की पेटी घेऊन चला. पेटी गोधडीत गुंडाळून, भाता दोरीने बांधून, मांडीवर धरून नेली. जीपच्या मागच्या भागात ठेवली तर सुरांत धूळ जाते.

तळाची माती भेगाळलेली होती, झाडांचे बुंधे काळे पडून उभे होते. आमच्या घराचा चिऱ्यांचा चौथरा आजीने न विचारता ओळखला. बाबांनी अंगण कोठे होते ते मला दाखवले. आजी चौथऱ्याच्या एका कोपऱ्यात बसली आणि म्हणाली, ती इथे बसायची, पेटी इकडे, तोंड दाराकडे. तशी पेटी ठेवली.

माझा आवाज गेल्या वर्षी फुटला आणि अजून कोणत्याच पट्टीत बसलेला नाही, त्यामुळे मला गाता येण्यासारखे नव्हते. आजीने षड्ज मागितला. मी काळी चार धरली, मग पंचम. आजी गायली नाही. डोळे मिटून ऐकत राहिली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “गांधार दे.” मी मधल्या सप्तकातला, नवीन बसवलेला सूर दिला.

“थोडा चढा आहे,” ती म्हणाली.

फोनवर मोजले तर चार सेंटनी चढा निघाला. नुकता खरवडलेला सूर काही दिवस जागेवर बसत नाही, असे कारागिरांनी सांगितलेच होते. उद्या फळी काढून तो पुन्हा उतरवतो आणि त्याच वेळी भात्याचा डावा कोपराही बंद करतो. पाऊस सुरू झाला की लाकूड फुगेल आणि फळी बाहेर निघायची नाही.